वाकडी कॉलर

“छान झालीय गं बाळा,” सासू म्हणाली, आणि सुनेचा मशीनवरचा पाय जागीच थांबला.

कॉलर छान झालेली नव्हती. एक टोक वर, एक खाली. एरवी सासू शिवणीवरून नुसता अंगठा फिरवायची आणि म्हणायची, “उसव.” लग्न होऊन सून या शिवणकामाच्या दुकानात आली तेव्हापासून कौतुकाचा एक शब्द तिच्या वाट्याला आला नव्हता. ‘बाळा’ तर फारच लांब राहिलं.

नवरा मात्र खूश झाला. आईला कालपासून ताप आहे, डोकं दुखतंय, तापात माणूस हळवं होतं, गोळी घेऊन पडली की उतरेल, असं त्याचं म्हणणं. गोड बोलतेय तोवर ऐकून घे, असंही वर म्हणाला. सुनेने ऐकून घेतलं नाही. तिने सासूच्या कपाळाला हात लावला आणि त्याला गाडी बघायला पिटाळलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, वागण्याबोलण्यात काही फरक? नवरा म्हणाला, छे, उलट गोड बोलतेय.

“तोच फरक आहे,” सून म्हणाली.

डॉक्टरबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. ताप, डोकेदुखी आणि माणूस स्वतःसारखं न वागणं, हे एकत्र आलं की मेंदूला संसर्ग झाल्याची शंका घ्यावी लागते, त्या म्हणाल्या. पाठीतून पाणी काढून तपासायचं, पण औषध त्याआधीच सुरू करायचं, कारण रिपोर्टची वाट बघण्यात जीव जाऊ शकतो. नवऱ्याचं तोंड उतरलं. पाठीत सुई टोचली की माणूस लुळं पडतं, असं त्याने ऐकलं होतं. तसं होत नाही, डॉक्टरबाईंनी नीट समजावलं, तरी त्याचा जीव धजेना. त्याने बायकोकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर ‘बाळा’ हा शब्द तिलाही सोडवत नव्हता. पण तो सासूचा नव्हता, तापाचा होता.

“टोचू द्या,” ती म्हणाली. “आमच्या आई मला परत हव्यात.”

शंका खरी ठरली. सलाईनमधून औषध चालू राहिलं. डॉक्टरबाई रोज येऊन नाव विचारायच्या, वार विचारायच्या. सासू छताकडे बघत राहायची. सुनेची परीक्षा वेगळी होती. ती वाकडी कॉलर तिने पिशवीतून आणली होती आणि रोज सासूच्या हातात द्यायची. “छान,” सासू म्हणायची, आणि सून कॉलर पुन्हा पिशवीत ठेवायची.

आज डॉक्टरबाईंच्या समोरच अंगठा शिवणीवरून निघाला आणि मध्येच अडला. मागे गेला, पुन्हा आला. सासूच्या कपाळाला आठी पडली.

“कुणी शिवलीय ही? उसव.”

नवरा सवयीने ओशाळला. डॉक्टरबाई सुनेकडे बघत होत्या. सुनेने मान डोलावली. पिशवीतली छोटी कात्री काढून ती पलंगाच्या कडेला टेकली आणि उसवायला लागली, पण डोळ्यांतल्या पाण्याने तिला धागाच दिसेना.

“रडतेस कशाला?” सासू वैतागली. “कॉलर वाकडी झालीय. कुणी मेलेलं नाही.”