मुलाकडचा गडी

दत्तारामने दोन्ही हात पानावर आडवे धरले आणि पंगत हसली.

दर लग्नात तो असंच करायचा. आधी हात आडवे, मग "बस, बस", मग हळूच बोटं फाकवायची, आणि मग वाढणाऱ्याने परात रिकामी करायची. मुलीकडचे जिलबी वाढून दमवणार, मुलाकडचे आपला गडी पुढे करणार. विक्रोळीच्या त्याच्या चाळीत कुणाचंही लग्न ठरलं की दत्तारामला आधी निरोप जायचा, आदल्या दिवशी जेवू नकोस. पंगतीत त्याच्यासाठी दोन पाट जोडून मांडायचे. आज चाळीतल्याच जयवंतच्या लग्नात, मुलुंडच्या हॉलमध्येही तसेच मांडले होते.

"काय भाऊ, मुलुंडला येऊन लाजता काय?" नवरीचा भाऊ सहदेव परात घेऊन वाकला. "फाकवा की बोटं."

"खरंच नको."

पुन्हा हसू. व्हिडिओवाल्याने दिवा त्याच्या तोंडावर धरला.

"साखर निघालीय मला," दत्ताराम म्हणाला. "पायाचं बोट काळं पडलंय. गोड खाल्लं तर पाय जाईल म्हणतो डॉक्टर."

"अरे, पायाने थोडंच खातोस?" मागून कोणीतरी बोललं.

या वेळी थोडेच हसले. सहदेव परात घेऊन तसाच अवघडून उभा.

दत्तारामने हात काढले नाहीत. डॉक्टर सरळ बोलला होता. गोळ्या मी देतो, पण तोंड तुझं आहे, ते मला शिवता येत नाही. खोटं कुठे होतं? आजवर कुणी त्याचे हात बांधून कोंबलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते, बोटं तो स्वतः फाकवत होता.

जयवंतची आई, जानकीकाकी, साडी सावरत लगबगीने आली.

"एकच घे मरे. शकुनाची. व्याही बघतत."

"नको काकी. पाय कापतील."

तिने त्याच्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "मगे इलंस कित्याक?"

याचं उत्तर होतं त्याच्याकडे, पण ते भर पंगतीत सांगण्यासारखं नव्हतं. बोलावलं म्हणून आला होता. एरवी त्याला कोण बोलावतं? सहलीला नाही, दोघांची जागा अडते. मुलगी बघायला जाताना नाही, सोयरे हसतात. साकीनाक्याच्या कारखान्यात दिवसभर मशीनशी बोलायचं आणि खोलीवर येऊन भिंतीशी. पोटभर माणसं मिळायची ती फक्त पंगतीत.

"ए, तो टोकाचा जाड्या कोण आहे?" मुलाकडच्या एकाने विचारलं.

"जयवंतच्या मावशीचा. पार्ल्याचा."

"नाव काय?"

कुणालाच माहीत नव्हतं. पंगतीच्या टोकाला, खांबाच्या आड, विशीतला एक मुलगा शर्ट बाहेर सोडून खाली मान घालून जेवत होता. पोट दिसू नये म्हणून पानावर ओणवा झालेला. त्याला हलवून नाव विचारलं. अंबादास.

"अंबादास, इज्जत तुझ्या हातात."

परात तिकडे गेली. दिवा तिकडे गेला. वाढणारे सगळे तिकडे धावले. दत्तारामच्या डाव्या-उजव्या बाजूची माणसं आधी माना वळवून बघत होती, मग पाठ करूनच बसली. त्याचा भात सुकला. "जरा मठ्ठा," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. पंगत उठायच्या आधी उठता येत नाही. दोन पाटांवर तो एकटा बसून राहिला, समोर अर्धं रिकामं पान आणि चहूबाजूंना पाठीच पाठी.

तिकडून नाव ऐकू येत होतं. अंबादास, अंबादास. पाठींच्या फटीतून त्याला पोराचं तोंड दिसलं. लाजलेलं, पाकाने माखलेलं, आणि असं खूष की बघवेना. ते तोंड दत्तारामच्या ओळखीचं होतं.

मग पोर खोकलं. घास तोंडातच राहिला. मुलीकडच्यांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली. "हरले, मुलाकडचे हरले." जानकीकाकीचं तोंड उतरलं.

"मठ्ठा देऊ नका त्याला," दत्ताराम म्हणाला. स्वतःलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, मग मोठ्याने. "मठ्ठ्याने पोट फुगतं. लोणचं चाटवा. गोडाची शिसारी जाते."

पाठी वळल्या.

"बघा, उस्ताद बोलला. अरे, त्याला इकडे घ्या."

दोघांनी बगलेत हात घालून त्याला उठवलं. आता पंगतीतून मध्येच उठल्याचं कुणाला काही वाटलं नाही. पाट उचलून अंबादासच्या शेजारी मांडले. एकाने त्याच्या खांद्यावर हात टाकला. काकीने स्वतः पाण्याचा गडू आणून ठेवला. दिव्यात आता दोघंही होते. गरम, पांढरा उजेड. दत्तारामला घाम फुटला आणि बरं वाटलं.

अंबादासने लोणचं चाटलं. एक जिलबी गेली. अजून एक गेली. मग तो दत्तारामच्या कानाशी वाकला.

"काका, पोटात दुखतंय. बस म्हणा ना त्यांना."

त्याने सांगितलं असतं तर थांबले असते. त्याचं आज पहिल्यांदाच ऐकत होते सगळे. मोज्याच्या आत बोट ठणकत होतं. समोर पंगत वाट बघत होती.

दत्तारामने परातीतली जिलबी उचलली, पाक निथळू दिला, आणि पोराच्या ओठांशी धरली.

"पोटाकडे लक्ष देऊ नकोस," तो हळूच म्हणाला. "लोकांकडे बघ."