तुरुंगाचे इंग्रजी शब्द

"आई, बस ना एका जागी! 'डेलाइट'?"

"उजेड," येरझारा घालत आई म्हणाली. "आणि 'प्रायव्हसी' म्हणजे आडोसा."

नव्या तुरुंगाचा नकाशा करणाऱ्या परदेशी बाईंपुढे, कैद्यांसाठी आत काय हवं ते सांगायला, उद्या तिला दोन मिनिटं मिळणार होती. सकाळपासून जपमाळेवर नामाऐवजी शब्दच चालले होते.

"देव रागावेल हं!"

"त्याला इंग्रजी येतं गं. मला येत नाही, हाच घोर आहे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिचं सगळं टिपून घेतलं आणि विचारलं, "मुलाला किती वर्षांची शिक्षा झालीय?"

आईचं इंग्रजी संपलं. ती लेकीकडे वळली. "त्यांना सांग, आत आहे तो माझ्या मुलाचा जीव घेणारा. सुटला की आमच्या शेजारीच परत राहायला येणार आहे. निदान माणूस होऊन यावा."