चाचणीपुरती हालचाल

कॅमेरा विकत घेण्याआधी चाचणीसाठी अंगातली एखादी बिनकामाची हालचाल द्यायची, हे कुडाळात आता सगळ्यांनाच ठाऊक होतं. कारण हा कॅमेरा जी हालचाल टिपायचा, ती अंगातून कायमची निघून जायची. गिऱ्हाइकांना दाखवता दाखवता दुकानदाराची चुटकी गेली होती, डोळा मारणंही गेलं होतं.

अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या केतकीला शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी हाच कॅमेरा हवा होता. फिल्ममधला राजा तिच्या बाबांसारखा नाचणार होता. बाबांची हयात दशावतारात गेलेली. "गुडघे आता थकले, नाच तरी पडद्यावर राहू दे," असं तेच म्हणाले होते.

"बाबा, इथे नुसता कान खाजवा," केतकीने सांगितलं. दुकानदाराने कॅमेऱ्याचा दिवा लावला.

उजेड तोंडावर पडला आणि बाबा ताडकन उठले. तालमीतसुद्धा हातचं राखून नाचायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. केतकी "बाबा, नको!" म्हणून ओरडेपर्यंत राजाचा अख्खा प्रवेश नाचून झाला होता.

दिवा विझला.

"हे साठवून ठेवा, आत्ताच्या आत्ता!" ती दुकानदारावर खेकसली.

"चाचणीचं साठत नाही, ताई. दिव्याबरोबर पुसलं जातं." त्याने मान खाली घातली.

बाबा धापा टाकत घाम पुसत होते. "बरा झाला मा गो? की परत करू?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी पहिल्या पावलासाठी पाय उचलला आणि तो कुठे टाकायचा, हे न सुचून तसेच उभे राहिले.