दहापैकी दोन

पणजी भागीरथीबाई, आजी सुंदराबाई, आई कमळजाबाई. दुखते असे आमच्या घराण्यातील एकाही स्त्रीने कधी म्हटले नाही. आपत्कालीन कक्षात परिचारिकेने विचारले, "दहापैकी किती दुखतंय?" मी ताठ बसून म्हणाले, "दोन."

छातीवरच्या तारांमधून नव्या यंत्राने माझे ठोके वाचले आणि मला रांगेत सर्वांत पुढे नेले.

"आजी, तुमचं दोन, यंत्राचं नऊ!" परिचारिका म्हणाली. "माणसांना फसवाल, याला नाही."

खाट धावू लागली. छतावरचे दिवे पाण्यात सोडल्यासारखे वाहत गेले. शेजारी सूनबाई धावत होती. वीस वर्षांपूर्वी तिच्या कळांना मी नखरे म्हटले होते. पोटातले मूल गेले. तिचे एक वाक्य मी देणे लागत होते.

"वासंती, फार दुखतंय गं. तेव्हा तुझंही खरंच दुखत होतं."