सत्तरीचा नियम

"तुमच्या तोंडून माझ्या वडिलांचं कौतुक ऐकायला मी आलेले नाही," लेक माइकसमोर उभी राहून म्हणाली, आणि गोल्फ क्लबच्या हॉलमध्ये भरलेल्या शोकसभेतली कुजबुज एकदम थांबली.

तिच्याआधी तिघे बोलून गेले होते. एक म्हणाला, असा सभासद पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणाला, क्लब म्हणजे त्यांचा श्वास होता. तिसऱ्याने तर डोळेही पुसले. वाक्यागणिक तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. शेजारी बसलेल्या आईने तिचा हात दाबून धरला होता. "जाऊ दे गं. बोलून माणूस परत येतो का?"

पण ती उठलीच.

"या मैदानावर नुसते दगडधोंडे होते, तेव्हापासून बाबा इथे आहेत. सहाव्या होलच्या पलीकडची झाडं त्यांनी लावली. घरातल्या कुंडीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, इथे मात्र बादल्या वाहायचे. मी जन्मले तेव्हा ते इथे स्पर्धेचे पंच होते. आईचं ऑपरेशन झालं तेव्हाही इथेच. आमच्या घरात गंमतच होती, आईला सवत आहे म्हणायचे सगळे, हिरवीगार."

मागे कोणीतरी हसलं आणि जीभ चावून गप्प बसलं.

"आणि गेल्या वर्षी तुम्ही त्यांना काय सांगितलंत? सत्तरीपुढच्यांना मैदानावर मनाई. नवा नियम! मग हे कर्नलकाका कोण? ऐंशी उलटली त्यांची. काल खेळलात ना, काका?"

पहिल्या रांगेतल्या कर्नलनी मान खाली घातली.

"बाबांना हे कळत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? मानी माणूस, एका शब्दाने विचारलं नाही. पण रोज सकाळी बूट चढवायचे, घराच्या फाटकापर्यंत जायचे आणि परत येऊन खुर्चीत बसायचे. भिंतीकडे बघत. डॉक्टर म्हणतात न्यूमोनियाने गेले. मी म्हणते, तुम्ही घालवलंत त्यांना. आणि आज त्यांच्याच फोटोपुढे गळे काढताय? लाजा वाटत नाहीत?"

फोटोशेजारी उभ्या असलेल्या सेक्रेटरींनी तोंड उघडलं. त्यांची नजर आईकडे गेली. मग ते एवढंच म्हणाले, "चुकलं आमचं."

त्या दोन शब्दांनी तिचा संताप आणखीच भडकला. "आता चुकलं म्हणताय!" ती ओरडली आणि तरातरा बाहेर आली. मागून कर्नल आईला हाताला धरून गाडीकडे घेऊन गेले.

पायऱ्यांवर सेक्रेटरींनी तिला गाठलं. बिचाऱ्यांना धाप लागली होती.

"ताई, शब्द दिला होता म्हणून आत गप्प बसलो. पण तुम्ही आयुष्यभर आमच्या नावाने तळतळत राहाल, ते मला सोसवणार नाही. असा नियमबियम काही नव्हता."

"म्हणजे?"

"वहिनी आल्या होत्या माझ्याकडे. ढसाढसा रडल्या. म्हणाल्या, यांचं हृदय पार कमजोर झालंय, मैदानावर पायपीट केली तर जिवावर बेतेल. पण दुखणं कळलं तर हाय खातील, म्हणून काहीतरी नियम सांगा आणि थांबवा. आम्ही सगळ्यांनी मिळून वाईटपणा घेतला. त्यांना क्लबच्या फाटकातून परत पाठवलं, त्या दिवशी कर्नल खेळले नाहीत, ताई. गाडीत बसून रडले."

आत जाऊन एकेकाची माफी मागावी असं वाटलं, पण धीर होईना. तिने सेक्रेटरींचे हात घट्ट हातात धरले. मग कशीबशी गाडीत येऊन बसली.

"आई, मला का नाही सांगितलंस? मी त्या देवमाणसांना नाही नाही ते बोलले! बाबांचं हृदय इतकं खराब होतं?"

आईने पट्टा लावला, पदर सारखा केला आणि समोर बघत म्हणाली, "ठणठणीत होतं. एक वर्ष तरी मला ते घरी हवे होते."