केशराचा गुण

बायको गेल्यावर म्हातारबांचं बोलणंच आटलं. मनाला उभारी म्हणून सुनेने केशराच्या कॅप्सूल आणल्या. रोज सकाळी ऑफिसच्या घाईतही ती समोर बसून एक गिळायला लावायची, विचारायची, "बाबा, आज कसं वाटतंय?" म्हातारबांचा जन्म कापड रंगवण्यात गेलेला; जित्याची खोड! त्यांनी कॅप्सूल फोडून पाण्यात टाकली. खरं केशर सावकाश पिवळा रंग सोडतं. हे पाणी क्षणात लालभडक झालं. फसवलं की पोरीला! सांगायला तरातरा स्वयंपाकघरात गेले. तिने हातातलं काम टाकलं, स्टूल ओढलं. "बाबा, आज कसं वाटतंय?" म्हातारबांनी शब्द गिळले. "जरा बरंय." तेव्हापासून भुकटी आधीच बेसिनमध्ये झटकून ते रिकामी कॅप्सूल गिळू लागले. एकदा बेसिनमधले लाल डाग घासताना सुनेने नजर न उचलता विचारलं, "बाटली संपली. दुसरी आणू?" "आण. चांगला गुण येतोय."