योस्टनं जुळवलेलं पान

अँटवर्पच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवता जुळवता योस्टचा हात थांबला. मुलांना धर्म शिकवायच्या त्या पुस्तकात प्रश्न होता, 'बाप्तिस्म्याआधी मेलेलं मूल कुठं जातं?' खाली उत्तर होतं, 'त्याला स्वर्ग कधीच दिसत नाही.' त्याची मुलगी जन्मली त्याच घटकेला गेली होती. बाप्तिस्मा न झाल्यानं तिला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरावं लागलं होतं. त्यानं उत्तर जुळवलं. ओळ नेहमीसारखी सरळ आली.

छापलेलं एक पान त्यानं घरी नेलं आणि त्यातला प्रश्न बायकोला वाचून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. "आपल्या पोरीबद्दल काय लिहिलंय हो?" तिनं विचारलं.

त्यानं ओळीवरून बोट फिरवलं. "लिहिलंय, देव तिला मांडीवर घेतो."

तिनं पान घडी करून उशीखाली ठेवलं.

रविवारी दोघं चर्चमध्ये असताना पाद्रींनी तोच प्रश्न विचारला. पोरांनी पुस्तकातलं उत्तर एका सुरात म्हणून दाखवलं. योस्टला मान वर करवेना.

घरी परतताना बायको कबरस्तानाच्या त्या भिंतीपाशी थांबली. म्हणाली, "पाद्रींच्या पुस्तकात छपाईची चूक राहिलीय. उद्या कामावर गेलात की तेवढी दुरुस्त करा."